उजव्या कडेची खाच

ऑफिसात तिच्या पाठीमागे तिला सगळे 'फिरूनबाई' म्हणत. कुणी काहीही सांगितलं की तिचं उत्तर ठरलेलं: "फिरून बघा." अकरा वाजले, फिरून बघा. साहेब आले, फिरून बघा. घराला कुलूप लावून ती जिना उतरायची, अर्ध्यातून परत चढायची, कुलूप ओढून बघायची आणि मग नवऱ्यालाही ओढायला लावायची. तो बिचारा म्हणायचा, "कुलपापेक्षा मीच जास्त ओढला जातोय."

घरात अशा माणसाचा जाच होतो, पण सरकारला अशी माणसं लागतात. नद्यांच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या त्या सरकारी संशोधन केंद्रात तेव्हा नवाच कॉम्प्युटर आला होता. तो काचेच्या थंडगार खोलीत असायचा आणि माणसांनी मात्र बाहेर घाम पुसत बसायचं. त्याला आपली अक्षरं कळत नसत, भोकं पाडलेली जाड कार्डं तेवढी कळत. नदीकाठच्या ठाण्यांवरून पाण्याच्या पातळीचे हातानं लिहिलेले तक्ते यायचे. एक बाई तक्ता बघून कार्डावर भोकं पाडायची. दुसरी बाई तोच तक्ता बघून तेच आकडे तपासणीच्या यंत्रावर पुन्हा दाबायची. जुळले, तर यंत्र कार्डाच्या उजव्या कडेला बारीकशी खाच पाडायचं. नाही जुळले, तर लाल दिवा. तीनदा लाल दिवा लागला, की खाच कार्डाच्या डोक्यावर, आणि कार्ड पाडणारीकडे परत. तिनं नवं कार्ड पाडायचं आणि तेही तपासून घ्यायचं, असा नियम होता.

फिरूनबाई अकरा वर्षं तपासणीवर होती. दिवसभर दुसऱ्यावर संशय घ्यायचा आणि वर त्याबद्दल शाबासकी मिळवायची, याहून सुखाची नोकरी तिला कुठं मिळणार होती?

तिच्यासाठी कार्डं पाडायची तिची धाकटी जाऊ. थोरलीनंच साहेबांना गळ घालून तिला चिकटवलं होतं. धाकटीच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता, तो घरी बसून भिंतींशी भांडायचा, आणि दोन लेकरं शाळेत. पण नोकरी हंगामी होती. कायम करायचं की नाही हे वर्षअखेरीस ठरणार होतं, तेही भिंतीवरच्या एका फळ्यावरून. डोक्यावर खाच पडलेल्या प्रत्येक कार्डामागे पाडणारीच्या नावापुढे खडूची एक लाल रेघ. रेघा ओढायचं काम तपासणीवालीचं.

सुरुवातीला धाकटीच्या नावापुढे महिन्याला एखादी रेघ यायची. मग पाच झाल्या. मग नऊ. थोरलीचा जीव खालीवर व्हायला लागला. "लक्ष कुठं असतं गं तुझं?" ती विचारायची. धाकटी मान खाली घालून म्हणायची, "चुकलं ताई." बस्स, एवढंच. वाद नाही, की कारण नाही. आता जो माणूस वाद घालत नाही, त्याच्यावर फिरूनबाईनं विश्वास कसा ठेवावा?

त्यात कॉम्प्युटरसाठी प्रोग्रॅम लिहिणारा दाढीवाला एकदा चहा पिताना बोलून गेला, "तुमच्या विभागाचे आकडे हल्ली एकदम चोख येतात हं. बाकीच्यांच्या आकड्यांत नदी मधूनच उलटी वाहते."

दुसरी कुणी खूश झाली असती. फिरूनबाईचा चहा कडू झाला. चुका वाढताहेत आणि आकडे चोख? नक्कीच कुठंतरी पाणी मुरत होतं. तिला आधी दाढीवाल्याचाच संशय आला. मग ठाण्यांवरच्या कारकुनांचा, कारण त्यांच्या तक्त्यांचं अक्षर दिवसेंदिवस बिघडत चाललं होतं. कार्बन कागद हलक्यातला घेतला असणार, ट्यूबलाइटही बदललेली दिसत होती, आधीसारखा उजेड पडत नव्हता. तिनं आपलं यंत्र खिडकीशी सरकवून घेतलं आणि उजेडाबद्दल वर एक तक्रारअर्जही दिला.

एका दुपारी तपासलेला गठ्ठा काचेच्या खोलीत जायला निघाला होता. धाकटी पाणी प्यायला गेली होती. थोरलीनं सवयीनं गठ्ठा उचलला आणि उजव्या कडेवरून नख फिरवलं. सगळ्या खाचा एकाखाली एक आल्या, की तिथं सरळ पन्हळ तयार होते आणि नख वरपासून खालपर्यंत विनासायास घसरतं. त्या दिवशी ते अडलं. तिनं फिरून बघितलं. परत अडलं. एकूण चार ठिकाणी.

म्हणजे चार कार्डं तिच्या हाताखालून गेलेलीच नव्हती. तिनं डोक्यावर खाच पाडून परत केलेल्या कार्डांच्या जागी धाकटीनं नवी घातली होती आणि तपासायला आणलीच नव्हती.

कुणासाठी करत असेल ही? कुणी सांगितले असतील आकडे बदलायला? या आकड्यांवरून बांधांची उंची ठरते, बांधाखाली माणसं राहतात. त्या दिवशी घरी ती धाकटीशी एक शब्द बोलली नाही. स्वयंपाकघरात धाकटी म्हणाली, "ताई, डोकं दुखतंय का? जरा पडा, मी करते." तेही थोरलीला संशयास्पद वाटलं.

सकाळी ती अडवून ठेवलेला गठ्ठा घेऊन थेट साहेबांकडे गेली. "माझीच जाऊ आहे," ती म्हणाली, "पण काम ते काम." हे म्हणताना तिला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला. खोटं कशाला बोला?

साहेब शांत माणूस. त्यांनी धाकटीला बोलावलं, मूळ तक्ते मागवले आणि चार कार्डं टेबलावर मांडली. "तुम्ही तक्त्यावरचा आकडा वाचा," ते थोरलीला म्हणाले. "ही कार्डावरचा वाचेल."

थोरलीनं तक्ता डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "चारशे त्रेपन्न."

"चारशे अठ्ठावन्न," धाकटी हळूच म्हणाली.

"बघा!" थोरली म्हणाली. साहेबांनी तक्ता स्वतःच्या हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. "अठ्ठावन्न आहे," ते म्हणाले. "पुढचं वाचा."

पुढच्यालाही तसंच झालं. तिसऱ्याला थोरलीनं तक्ता उजेडाकडे धरला, तरी तसंच. चौथं साहेबांनी वाचायला लावलंच नाही. कार्डं आधीपासूनच बरोबर होती. ती चुकीची ठरत होती ती तपासणीत, आणि धाकटी गुपचूप तेच बरोबर कार्ड पुन्हा पाडून गठ्ठ्यात सरकवत होती. परत तपासायला दिलं असतं, तर परत लाल दिवाच लागला असता.

"नियम मी मोडला, साहेब," धाकटी घाईघाईनं म्हणाली. "ताईंचं काही नाही. कारकुनाचं अक्षरच वाईट आहे."

थोरलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अक्षर चांगलं आहे," ती म्हणाली. "माझे डोळे गेलेत. लिहून घ्या, साहेब."

बाहेर आल्यावर तिनं धाकटीचं मनगट धरलं. "अगं, मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं, तर तुम्ही फिरून बघितलं असतं," धाकटी म्हणाली. "आणि तुम्हाला परत तेच दिसलं असतं. मग वाटलं, मी काय, दुसरीकडं काहीतरी बघेन. तुमची अकरा वर्षं झालीत."

थोरली फळ्यापाशी गेली. खोलीतल्या बायका यंत्रं थांबवून बघत होत्या. तिनं खडू घेतला, धाकटीच्या नावापुढच्या रेघांवर बोट ठेवून मोजायला लागली, पण सातआठच्या पुढे रेघा एकमेकींत मिसळून नुसता लाल पट्टा दिसायला लागला. तिनं दोनदा सुरुवात केली. मग बाजूला सरकली.

"तू मोज."

धाकटीनं मोजल्या. "एक्केचाळीस. त्यातल्या सहा खरंच माझ्या आहेत. पस्तीस तुमच्या."

सगळी खोली थोरलीच्या त्या ठरलेल्या दोन शब्दांची वाट बघत होती. मग तिनं फळ्याच्या तळाशी स्वतःचं नाव लिहिलं आणि त्याच्यापुढे पस्तीस.