एकही बाळ हरवलं नाही

दुबईत खिडक्या कितीही घट्ट लावा, संध्याकाळी टेबलावर बोट फिरवलं की वाळू असतेच. आमच्या ऑफिसात किस्से तसेच साचतात. कुणी आणत नाही, येतात!

ऊद मेथा भागातल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं. मालक सामंत सर, वसईच्या फिलोमिना मॅडम आणि पुण्याहून एम.एस्सी. करून आलेली मी. डॉक्टर लोक संशोधन करून पेपर लिहितात. आम्ही त्यांचं इंग्रजी नीट करतो, पेपर जर्नलकडे पाठवतो आणि परीक्षकांच्या प्रश्नांना त्यांच्यासोबत तोंड देतो. त्यात मलावीमधल्या एका सरकारी हॉस्पिटलातल्या डॉ. तेम्वा आल्या आणि किश्श्यांचा ढीगच लागला.

*

पहिलाच व्हिडिओ कॉल. डॉक्टरांच्या छातीशी कापडात काहीतरी बांधलेलं. सामंत सर नेहमीच्या थाटात प्रोसेस समजावत होते. मध्येच ते कापड हललं आणि रडायला लागलं!

"डॉक्टर, आपण मीटिंगमध्ये आहोत ना?" सर म्हणाले.

"हो, हासुद्धा आहे. याची आई अंघोळीला गेलीय, आत्ता माझी पाळी."

त्यांचा पेपरच त्यावर होता. कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायची, तशीच लवकर घरी पाठवायची आणि वर्षभर तपासत राहायचं. वॉर्ड म्हणजे एकच खोली. त्या खोलीवरही हॉस्पिटलच्या वरिष्ठांचा डोळा. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, पेपर छापून आला तर वॉर्ड राहील, नाहीतर तिथे स्टोअररूम होईल.

*

पहिल्या परीक्षकाने पेपर वाचला होता की नाही, देव जाणे. त्याने विचारलं, "बाळांना ऊब देणाऱ्या उपकरणाचं मॉडेल आणि कंपनी लिहा."

डॉक्टरांचं उत्तर आलं, "उपकरण: आई. मॉडेल वेगवेगळी. कंपनी माहीत नाही."

मी ते जसंच्या तसं पाठवून दिलं. सर खुर्चीतून उठलेच. "ईशा, हे पाठवलंस तू?"

"उत्तर बरोबर आहे, सर," फिलोमिना मॅडम मान वर न करता म्हणाल्या. "फक्त वॉरंटीचं लिहायचं राहिलं!"

त्या दिवशी आम्ही हसलो. नंतर फारसं हसलो नाही.

*

दुसऱ्या परीक्षकाने पेपर नीट वाचला होता. आणि तेच महागात पडलं.

संशोधनात एखादा पेशंट पुन्हा तपासायला आला नाही, त्याचा पत्ताही लागला नाही, तर तो 'हरवला' असं धरतात. प्रत्येक पेपरात काही हरवतातच. डॉ. तेम्वांच्या आकड्यांच्या टेबलमध्ये त्या जागी शून्य होतं.

परीक्षकाने लिहिलं, "आफ्रिकेतलं सरकारी हॉस्पिटल, वर्षभराचा पाठपुरावा, आणि एकही बाळ हरवलं नाही? विश्वास ठेवणं कठीण आहे." खाली संपादकांची ओळ होती, खुलासा पटला नाही तर नकार.

सरांनी मेल दोनदा वाचला. "सोपं आहे. चार-पाच हरवून टाक."

"काय?"

"अगं, टेबलमध्ये! शून्य दिसलं की संशय येतो. चार-पाच हरवली की सगळे खूश. पेपर छापून येईल, वॉर्ड वाचेल. खलास!"

"सर, ती मुलं आहेत. आणि ती हरवलेली नाहीत."

"मग बस तुझं तत्त्व कुरवाळत! वॉर्ड बंद झाला की पुढची बाळं कुठे जाणार, तेही तूच सांग त्यांच्या आयांना."

मी तणतणत बाहेर गेले.

*

मी डॉक्टरांना सगळं कळवलं. आणि त्या गप्प! दिवसामागून दिवस जात होते, खुलाशाची मुदत जवळ येत होती. मला वाटलं, दुखावल्या, आता पेपरच मागे घेणार.

नंतर कळलं, त्या रोज चॅटवरून फोन लावत होत्या. दुबईत चॅटवरच्या कॉलना बंदी आहे, तो लागतच नाही, हे त्यांना सांगायचं आमच्यापैकी कुणाला सुचलंच नव्हतं!

शेवटी त्यांचा मेसेज आला. "वर्षभरात मी एकही आई हरवू दिली नाही. तुम्ही तिघं तर आठवड्यात हरवलात!"

*

मग मीटिंग लावली. सरांनी हळूच गळ टाकून पाहिला. "डॉक्टर, काही बाळं दगावली असतीलच ना? त्यातली थोडी हरवलेल्यांत दाखवली तर?"

"ती टेबल तीनमध्ये आहेत."

"हो, पण..."

"मिस्टर सामंत, ती हरवलेली नाहीत. ती कुठे आहेत ते मला माहीत आहे."

फिलोमिना मॅडमनी छातीवर क्रुसाची खूण केली. सर पेनाचं टोपण उघडत-मिटत राहिले.

मग डॉक्टरांनी त्यांची रीत सांगितली. वॉर्डातून एकटी आई घरी जातच नाही. दोघी-दोघींच्या जोड्या लावायच्या, जवळच्या गावांच्या. तपासणीला दोघींनी मिळून यायचं. एक आली नाही, तर दुसरीने जाऊन शोधायचं.

मी ते सगळं लिहून पाठवलं. संपादकांचं उत्तर एका ओळीचं होतं, "उद्या डॉक्टरांशी थेट बोलेन."

*

पण 'उद्या' आलाच नाही. त्याच संध्याकाळी सरांच्या गाडीतून आम्ही शारजाला घरी निघालो होतो. जाम असा की शेजारच्या गाडीतल्या माणसाचं अख्खं जेवण आटोपलं. तेवढ्यात मेसेज आला, संपादक आत्ताच मोकळे आहेत, लगेच कॉल.

मी मोबाइल डॅशबोर्डला टेकवून धरला. एका चौकोनात संपादक, दुसऱ्यात डॉ. तेम्वा, हॉस्पिटलच्या अंगणात. तपासणीचा दिवस होता, आया परत निघत होत्या. दोघी-दोघी.

"जोडीचं ऐकायला छान वाटतं," संपादक म्हणाले. "पण ती बाई एकटीच दिसतेय."

सरांनी माझ्याकडे पाहिलं.

डॉक्टरांनीही वळून पाहिलं. फाटकाशी एक बाई खरंच एकटी उभी होती, छातीशी बाळ बांधून. डॉक्टरांनी हाक मारली. तिने काहीतरी उत्तर दिलं. डॉक्टर म्हणाल्या, "हिची जोडीदार तापाने पडलीय."

"म्हणजे जोडीदाराचं बाळ आज..."

तेवढ्यात ती बाई पाठमोरी झाली. पाठीवर आणखी एक बाळ होतं. गाढ झोपलेलं.

डॉक्टरांनी फोन त्या दोन बाळांसमोर धरला.

"बोला सर. यातलं कोणतं हरवू?"

मग संपादक एवढंच म्हणाले, "शून्य राहू द्या."

पुढचा रस्ता मोकळा झाला होता. मागून हॉर्नवर हॉर्न, कुणीतरी काच खाली करून ओरडत होतं, "यल्ला हबीबी, यल्ला!"

सामंत सरांनी गाडी काही हलवली नाही.