मेण आधी, रंग मागाहून

चाळीस वर्षं रत्नागिरीत भिंती रंगवतोय. किस्से शोधावे लागत नाहीत, लोक घरपोच देतात. यंदा वादळात चार दिवस वीज गेली आणि घरोघरी मेणबत्त्या लागल्या. पाचव्या दिवसापासून माझा फोन थांबला नाही.

सगळ्यांना एकच सांगितलं. मेणावर बर्फ धरा, कडक झालं की जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने उचला. उरलेल्या डागावर कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री टेकवा. मेण निघाल्याशिवाय मी ब्रश उचलत नाही. माझ्या हातचा रंग सुटला, असं आजवर कोणी म्हटलेलं नाही.

*

पालीच्या दुकानदाराने मेण वितळवायला भिंतीला लायटर लावला. मेण रंगात मुरलं, वर काजळी. बोटाएवढा डाग ताटाएवढा झाला.

मी विचारलं, बर्फाचं काय झालं? म्हणाला, "अप्पा, वीज नव्हती, बर्फ कुठला?"

वीज येऊन तीन दिवस झाले होते. कोल्ड्रिंकचा फ्रीज त्याच्या पाठीमागेच घरघरत होता.

*

एक निवृत्त मास्तर. कागद कोरा घ्या, हे दोनदा सांगितलं होतं. त्यांनी वर्तमानपत्र घेतलं, तेही श्रद्धांजलीचं पान, आणि इस्त्री कडक तापवली. शाई भिंतीवर उतरली. सोफ्याच्या वर एक गृहस्थ टोपीसकट उमटले.

मास्तरांच्या बायको म्हणाल्या, "निदान आपल्या नात्यातला तरी बघायचा होता."

*

एका घरी कॅलेंडर गुडघ्याएवढ्या उंचीवर. उचललं तर मागे मेण. सासूला कळू नये म्हणून सुनेने लावलेलं.

सासू आतून म्हणाली, "मला पहिल्याच दिवशी कळलं. एकादशी बघायला जमिनीवर बसावं लागलं कीनी!"

तेव्हापासून कुणाच्याही घरात शिरलो की आधी कॅलेंडर बघतो. हा किस्सा मी गावभर सांगितला.

*

हातखंब्याच्या हॉटेलवाल्यालाही सांगितला. त्याच्या मुलीचा साखरपुडा घरीच होता. म्हणाला, मेणावरनंच मारा, रंगाखाली कोण बघतंय?

मी डबा झाकला. "मग रंग तरी कशाला? कॅलेंडर लाव," म्हटलं आणि निघालो.

त्याने दुसरा रंगारी आणला. आठ दिवसांत रंगाचे पोपडे सुटले. साखरपुडा चार दिवसांवर. तेव्हा तो माझ्या घरी आला. अप्पा, चुकलो, म्हणाला, तुम्ही सांगाल तसं, मेण आधी.

मी त्याला चांगलं सुनावलं. लोकांना धीर नाही, झाकायची घाई, वगैरे. तो मान खाली घालून ऐकत राहिला. मग विचारलं, काम कधी सुरू करताय? आणि तारीख बघायला वळला.

आमचं कॅलेंडर टेबलाच्या पायाशी होतं.

तो खाली बसला. तारीख बघितली. कॅलेंडरचा कोपरा दोन बोटांनी उचलला, परत सोडला. मग माझ्याकडे बघितलं. बायको कप घेऊन दारातच थांबली होती.

मी म्हटलं, "चहा घे. निवतोय."