पासपोर्टवरचा कोट

खापर गावातल्या आमच्या दुकानात होळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसे. डोंगरावरची माणसं भोंगऱ्या बाजाराला उतरायची आणि घुंगरं, आरसे, काळे गॉगल, रंगीत कापड घेऊन जायची. आजोबा राजस्थानातून आले ते इथलेच झाले. घरात मारवाडी, गल्लीत अहिराणी आणि गल्ल्यावर भिली, असा माझ्या तोंडाचा व्यायाम लहानपणापासून चालू आहे. ते दिवस आठवले की अजून कानात घुंगरं वाजतात.

त्या गर्दीत माझा एक दोस्त असायचा. मोलगीच्या बाजूचा, वयाने माझ्याएवढाच. त्याच्या बोलीत मोठ्यालाही ‘तू’च म्हणतात, त्यामुळे शेठ म्हणून तो मला कधी डोक्यावर बसवायचा नाही. त्याच्या नातीला पाय असून चालता येत नव्हतं. तिच्यासाठी त्याने पाच होळ्यांचा नवस धरला होता. होळीच्या आधीचे दिवस खाटेवर, खुर्चीवर बसायचं नाही, अंघोळ नाही, बायकोच्या हातचं खायचं नाही. मग अंगावर राखेचे ठिपके, डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधून नाचायचं. ती घुंगरं तो माझ्याकडूनच घ्यायचा.

एका पावसाळ्यात नंदुरबारहून एक साहेब आले. आपल्या राज्याने कुठल्याशा परदेशी प्रांताशी मैत्रीचा करार केला होता. त्यांचे कारखानदार इकडे येणार, आपली संस्कृती तिकडे जाणार. होळी देऊन कारखाना आणायचा, हा सौदा मला दुकानदाराला लगेच कळला. साहेबांना डोंगरातली नाचणारी माणसं हवी होती आणि बोली येणारा कोणीतरी मध्ये हवा होता.

आता माझा स्वभाव असा की समोर साहेब दिसला की छाती फुगते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. ‘‘माझा खास माणूस आहे, येईल म्हणजे येईल,’’ असं सांगून मी दोस्ताचं नाव यादीत घालूनही मोकळा झालो. त्याला विचारलं ते नंतर.

तो रागावला नाही. उलट त्याला जायचं होतं. विमानातून आपला डोंगर दिसेल का, हे त्याने मला दोनदा विचारलं. पासपोर्टसाठी फोटो काढायला मी त्याला अक्कलकुव्याला नेलं. फोटोवाल्याने फेटा काढायला लावला. अंगातली बंडी जुनी दिसत होती, म्हणून मी माझा काळा कोट त्याला घातला. बाजारात लोक मला चिडवायचे, ‘‘शेठ, तुन्हा मानूस परदेश जाई ऱ्हायना, तू बी जाय ना संगे!’’ पासपोर्ट आला तो त्याने माझ्याकडेच ठेवायला दिला. त्याच्या घरी उंदीर फार.

थंडी सरता सरता तारखा आल्या. नेमक्या होळीच्या. तिकडच्या पाहुण्यांना होळी होळीच्याच दिवशी दाखवायची होती. म्हणजे होळी दाखवायला होळीवरूनच माणसं उचलून न्यायची. मोरपिसं देशाबाहेर नेता येत नाहीत, म्हणून टोप कागदाचे करणार होते.

मी निरोप धाडला. तो आला आणि जमिनीवर बसला. मी म्हणालो, ‘‘खुर्ची घे की.’’

‘‘नवस लागला ना,’’ तो म्हणाला. ‘‘यंदा पाचवं वर्ष.’’

चार वर्षं मीच त्याला घुंगरं विकली, पण पाचवं कधी येतं हे माझ्या डोक्यात आलं नाही. पाचवी होळी चुकली की आधीच्या चारही वाया. नात तेव्हा भिंतीला धरून उभी राहायला लागली होती.

‘‘मग तू जाणार कसा?’’

‘‘जाईन. तू साहेबाला शब्द दिलास ना? तुझं तोंड पडू द्यायचं नाही. नवस पुन्हा पहिल्यापासून धरीन.’’

मला माझी लाज वाटली, मनापासून लाज वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नंदुरबारला जाऊन साहेबांसमोर कान धरले. ते भले होते. चिडले, पण नाव खोडलं. त्याच्या जागी दुसरा गेला. तिकडे कार्यक्रम छान झाला म्हणतात, पेपरात फोटोही आला.

त्या होळीला मी आयुष्यात पहिल्यांदा दुकान बंद ठेवून डोंगरावर गेलो. चाळीस वर्षं घुंगरं विकली, पण सीझन सोडून ती वाजताना बघायला कोण जातो? तिकडची होळी रात्री नाही, पहाटे पेटते; उजाडता उजाडता ती पेटली. तो नाचत होता आणि मी गर्दीत उभा राहून रडत होतो. मला बघून तो नुसता हसला.

गेल्या वर्षी तो वारला. परवा त्याची नात दुकानात आली. डोंगर उतरून, स्वतःच्या पायांनी आली. जरा लंगडते. घरात लावायला आजाचा फोटो हवा होता, आणि त्याचा एकही धड फोटो त्यांच्याकडे नव्हता. नाचणाऱ्यांचे इतके फोटो लोक काढून घेऊन जातात, पण घरी एकही परत आलेला नाही.

मी ड्रॉवरमधून पासपोर्ट काढला. एकही शिक्का नसलेला, कोरा. तिने फोटो पाहिला. डोक्यावर फेटा नाही, पिसं नाहीत, अंगात बटणं लावलेला काळा कोट.

‘‘शेठ, हा कोट कोणाचा?’’

‘‘माझा,’’ मी म्हणालो.

तिने अंगठ्याने कोट झाकला, चेहरा तेवढा उघडा ठेवला, आणि म्हणाली, ‘‘एवढाच मोठा करून दे.’’