एकोणीस नंबरचा फॉर्म

ती वस्तीत शिरली की बायका म्हणायच्या, "आल्या फॉर्मबाई." ते ऐकून तिला बरं वाटायचं, खोटं कशाला बोला. पन्नाशीला टेकलेली ही बाई तीस वर्षं लोकांचे फॉर्म भरत आली होती. यंदाचं काम मात्र नाजूक होतं. पाळी जायच्या वयात बायकांना काय त्रास होतो आणि वेगवेगळ्या समाजांतल्या बायकांना तो सारखाच होतो का, हे मोजायचं होतं. अकरा प्रश्न. अंगातून वाफा येतात का, झोप लागते का, उगाच रडू येतं का. उत्तर शून्य ते तीन. शून्य म्हणजे काही नाही, तीन म्हणजे सहनच होत नाही.

ऑफिसातल्या मोठ्या बाईंनी ठरवलं होतं, ज्या समाजातल्या बायका, त्याच समाजातली विचारणारी. आपल्या माणसापाशी मन मोकळं होतं म्हणे. फॉर्मबाईलाही ते पटलं. आपल्या बायका आपल्याला नाही सांगणार तर कोणाला?

तिने चाळीस फॉर्म भरले. जिकडेतिकडे शून्य, कुठे एखादा एक. आपल्या बायका मुळातच काटक, असं तिने चहाच्या वेळी दोघीतिघींना ऐकवलंही, मान जरा ताठ करून.

मग फेरतपासणी झाली. दहातला एक फॉर्म दुसऱ्या कोणी तरी पुन्हा भरायचा, असा नियमच होता. ते काम दुसऱ्या समाजातल्या एका चष्मेवाल्या पोरीकडे होतं. बिनलग्नाची, सव्वीस वर्षांची, आपली भाषा अडखळत बोलणारी. ती चार घरी गेली आणि चारही घरांतून दोन-दोन, तीन-तीन घेऊन आली.

मोठ्या बाईंनी दोन्हीकडचे कागद शेजारी शेजारी मांडले. "हे तुम्ही घरी बसून भरलेत का हो? सोमवारपर्यंत काय ते सांगा. नाही तर चाळीसही रद्द, आणि पुढचं काम दुसरीला."

आजवर कुणी फॉर्मबाईला खोटारडी म्हटलं नव्हतं. तेवढ्यात तिची नजर वरच्या कागदावर गेली. फॉर्मवर नाव नसतं, नुसता नंबर. पण एकोणीस नंबर कोणाचा हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. तिच्या थोरल्या जाऊबाईंचा. झोप, तीन. रडू, तीन. खाली मोकळ्या जागेत लिहिलं होतं, "घरात कळू नये म्हणून न्हाणीघरात नळ सोडून बसते."

त्याच नळावरून तिने महिनाभर जाऊबाईंना टोमणे मारले होते. किती ते पाणी वाया घालवायचं म्हणून.

काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय. तेवीस वर्षं दोघी एका ओट्यापाशी उभ्या, आणि बाईने ताकास तूर लागू दिली नाही.

ती घरी आली तेव्हा जाऊबाई मटार सोलत होत्या.

"तुम्ही मला शून्य का सांगितलंत?"

जाऊबाईंचे हात थांबले. कशाबद्दल चाललंय ते त्यांना लगेच कळलं.

"खरंच माहीत नाही गं. तू विचारलंस तेव्हा शून्यच खरं वाटलं. ती पोरगी आली, म्हटलं हिला काय कळतंय. आणि मग मला थांबताच येईना."

"मी काय परकी आहे?"

"परकी नाहीस म्हणूनच तर. उद्या परत तुझ्या शेजारीच उभं राहायचंय ना." मग त्यांनी वर पाहिलं. "आणि तुझ्या फॉर्मवर काय लिहिलंस?"

फॉर्मबाईला आपला कागद आठवला. सरावासाठी प्रत्येकीने पहिला फॉर्म स्वतःचा भरायचा होता. तिने अकरा शून्यं ओळीने मांडली होती, हात जराही न अडखळता. शून्यं लिहिताना ती खोटं बोलत होती का? तसं तर तिला वाटलं नव्हतं. मग खरं ते कुठलं, आपल्या माणसाला सांगितलेलं की परक्याला? आणि मोजलं ते काय, बायकांचा त्रास की विचारणारीचं नातं? डोक्याचा नुसता भुगा झाला.

सोमवारी ती मोठ्या बाईंसमोर उभी राहिली. "घरी बसून मी एकच फॉर्म भरलाय. एक नंबरचा. माझा." बाकीचं समजावून सांगायला गेली, पण तिलाच ते नीट कळलेलं नव्हतं. म्हणून तिने चष्मेवालीला हाक मारली. "हिला माझा पुन्हा भरू दे, मग बघा."

पोरीने पेन काढलं. "अंगातून वाफा येतात?"

"नाही" अगदी जिभेवर आलं होतं. तिने पोरीच्या चष्म्याकडे पाहिलं.

"तीन," ती म्हणाली. "विचार पुढचं, थांबू नकोस."

अकरा झाले. मोकळ्या जागेत काही लिहायचंय का, पोरीने विचारलं.

"लिही. घामाने उशी भिजते. ती मी गच्चीवर वाळवते, जाऊबाई बाजारात गेल्यावर."