धाकटीची परकी लेन्स

धाकटीला कामाआधी साफसफाईचं भारी वेड. कुठे फोटो काढायला जायचं म्हटलं की बॅग उलटी होई, काचा पुसल्या जात, बॅटऱ्या चार्ज होत आणि कॅमेऱ्याचं सॉफ्टवेअरसुद्धा ताजं केलं जाई. नवरा म्हणायचा, "मला कधी एवढं चकाचक ठेवलंस का?" "तुझे गिऱ्हाईक पैसे देत नाही," हे हिचं उत्तर तयार असे.

त्या दिवशी मात्र ही हौस अंगाशी आली. थोरल्या बहिणीचा नाच होता, आणि तोही शेवटचा. गुडघे कुरकुरायला लागले तसं ताईनं जाहीर करून टाकलं होतं, एवढा कार्यक्रम झाला की आपण फक्त शिकवणार. बाई जन्मभर नाचली, पण रंगमंचावरचा तिचा एक धड फोटो घरात नव्हता. अंधारात काढलेले सगळे नुसते धुरकट. "या वेळी मी काढते," असं धाकटीनं छातीठोकपणे सांगितलं होतं.

अंधारात चालणारी लेन्स कॅमेरा कंपनीकडेही होती, पण तिची किंमत ऐकूनच डोळ्यांपुढे अंधार यायचा. दुसऱ्या एका कंपनीनं त्याच कॅमेऱ्याला बसणारी लेन्स निम्म्याहून कमी भावात काढली होती. खरं तर ती बसते म्हणूनच धाकटीनं तो कॅमेरा घेतला होता.

नाट्यगृहात पोचून तिनं लेन्स लावली, बटण दाबलं. लेन्स ढिम्म! सकाळी हौसेनं घातलेल्या नव्या सॉफ्टवेअरला ही परकी लेन्स ओळखूच येईना. फोटो निघे, पण फोकस आपोआप होईना. तिनं कॅमेरा कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला.

"मॅडम, ती लेन्स आमची नाही," पलीकडचा माणूस गोड आवाजात म्हणाला. "आमची लावून बघा."

"अहो, ही नसती तर तुमचा कॅमेरा घेतलाच नसता मी! या लेन्सवाल्यांच्या जिवावर कॅमेरे खपवता आणि यांनाच दार लावता?"

त्यानं आवाज खाली आणला. "खरं सांगू? आम्हीही वरच्या साहेबांना हेच सांगतो. लेन्सवाले सॉफ्टवेअरची दुरुस्ती पाठवतील, आठवडाभरात."

आठवडाभरात! ताई तर आता तासाभरात नाचणार होती. धाकटीला रडू फुटायचंच बाकी होतं.

"हातानं फिरव की फोकस," सोबत आलेला नवरा म्हणाला.

"नाचणारी बाई एका जागी उभी राहते का?" असं खेकसता खेकसता ती थबकली. राहते की! शेवटची गिरकी संपली की ताई उजव्या कोपऱ्यात क्षणभर थांबते. लहानपणी ताईच्या सरावाला टाळ्या वाजवून ताल धरायचं काम धाकटीकडेच असे. सगळा नाच तिला तोंडपाठ होता.

तिनं नवऱ्याला त्या कोपऱ्यात नेऊन उभं केलं, खाली येऊन त्याच्या नाकावर फोकस जमवला आणि लेन्सची रिंग हलू नये म्हणून तिला चिकटपट्टी लावली.

"आलोच आहे तर थोडं नाचू का?" वरून नवऱ्यानं विचारलं.

"खबरदार!"

पडदा उघडला. ताई नाचायला लागली. एकाहून एक सुंदर क्षण डोळ्यांसमोरून गेले, पण धाकटीनं बोट हलवलं नाही. जीव नुसता तळमळत होता. मनातल्या मनात ती टाळ्या देत राहिली. गिरकी, पुन्हा गिरकी, आणि थांब! तिनं बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी ताई गुडघे शेकत बसली होती. धाकटीनं फोटो पुढे केला. हात वर, मान मागे, कपाळावरचा घामसुद्धा लख्ख दिसत होता. ताईनं तो डोळ्यांजवळ नेला.

"ही मी?"

"मग कोण, शेजारीण?"

ताईनं शेकायची पिशवी बाजूला टाकली आणि भिंतीला धरून उठली.

"त्या नाट्यगृहवाल्यांना फोन लाव," ती म्हणाली. "पुढच्या वर्षीची तारीख पाहिजे म्हणावं."