आधी कागदावर

मॅडम औरंगपुऱ्यात वीस वर्षं इंग्रजीचा क्लास घेत होत्या, पण त्यांना इंग्रजी बोलताना कुणी ऐकलं नव्हतं. फळ्यावर लिहिलेलं वाचून दाखवायच्या, तेवढंच. बाकी सगळा कारभार मराठीत.

कपड्याच्या दुकानावरची एक खोली, चार बाक आणि मॅडमच्या अंबाड्यात खोचलेलं लाल पेन. नियम एकच, ‘आधी कागदावर, मग तोंडानं.’ वाक्य वहीत लिहायचं, टेबलाशी न्यायचं, लाल खूण मिळाली की मगच उच्चारायचं. पाणी प्यायला जाऊ का, हेसुद्धा. मला एकदा त्यांनी तीनदा परत पाठवलं. चौथ्यांदा वाक्य बरोबर आलं तेव्हा तहानच उरली नव्हती.

मी लासूर स्टेशनहून रेल्वेनं यायची. बीकॉम झाले होते आणि घरी स्थळं बघणं सुरू होतं. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, “दिवाळीपर्यंत नोकरी लागली तर ठीक. नाय तर तुळशीचं लग्न झालं की तुझं उरकून टाकू.” शेंद्र्याच्या एका कंपनीतून मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा मला आभाळ ठेंगणं झालं.

मुलाखत घेणारा साहेब भला माणूस होता. स्वतःबद्दल इंग्रजीत सांगा, एवढंच म्हणाला. वाक्य डोक्यात तयार होतं, पण त्याच्यावर लाल खूण नव्हती. माझा हात आपसूक पर्समध्ये गेला. वही काढून मी लिहू लागले. साहेब वाट बघत राहिला. लिहून झाल्यावर मी वही फिरवून त्याच्यापुढे धरली, तपासायला! “बोला ना,” तो हळूच म्हणाला. माझी बोबडी वळली. ‘कळवतो’ म्हणाला, त्याचा अर्थ मला बाहेर पडायच्या आधीच कळला होता.

तिथून तडक क्लासवर गेले. सगळ्यांसमोर वही टेबलावर आपटली आणि म्हणाले, “तुमच्या ग्रामरनं माझं तोंड शिवून टाकलं, मॅडम!” अजूनही त्या वाक्याची लाज वाटते.

मॅडमनी बाकीच्यांना घरी पाठवलं. खिडकीशी जाऊन बसल्या. मग बोलल्या ते क्लासातल्या मराठीत नाही, घरच्या.

“माझे वडील बौद्धवाड्यातले पहिले मॅट्रिक. हापिसात शिपाई होते. बढतीसाठी इंग्रजीत अर्ज केला, तर साहेबानं तो साऱ्या हापिसासमोर वाचला. लई हसले सगळे. त्या दिवशी घरी येऊन मला म्हणले, पोरी, त्यांचं चुकलं तर गडबडीत चुकलं म्हणतात. आपलं चुकलं की जात काढतात. तू चुकू नको.” मॅडमनी अंबाड्यातल्या पेनाला हात लावला. “नाय चुकले मी. बोललेच नाय, तर चुकणार कुठून?”

इंग्रजी आमच्याही घरात नव्हतं, पण आमच्या चुकीवर कुणी कधी जात काढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला क्लासच्या तासभर आधी बोलावलं. अंबाड्यातलं पेन काढून माझ्या हातात दिलं. “धर हे. माझ्याजवळ नको.” आणि त्या इंग्रजी बोलू लागल्या, कागदाविना. वडिलांबद्दलच बोलत होत्या. काळ चुकत होते, शब्द सापडत नव्हते, कपाळावर घाम फुटला होता. हात दोनदा रिकाम्या अंबाड्याकडे गेला. मला सगळं समजलं आणि मी रडले. बोलणं संपल्यावर पदरानं तोंड पुसत म्हणाल्या, “हं, आता तू.”

महिनाभर आम्ही दोघी रोज तासभर चुकत राहिलो. दिवाळीच्या आठ दिवस आधी शेंद्र्यातच दुसऱ्या कंपनीत मुलाखत झाली. मी चुकले, चुकले हे मला कळलं, आणि तरी बोलत राहिले. नोकरी लागली. पेढे घेऊन गेले तर मॅडमनी आधी दटावलंच. “बोलताना चूक खुशाल. पण लिहून देताना चुकलीस तर बघ! आपण तिथं नसतो, अन् कागद कुणीपण वाचतो.”

गेल्या वर्षी मॅडम गेल्या. पेन त्यांनी कधी परत मागितलं नाही. रिफील बदलून मी तेच वापरते.

परवा आमच्या कंपनीत नवीन लागलेली मुलगी मीटिंगमध्ये बाहेरच्या देशातल्या साहेबांना मशीनची अडचण इंग्रजीत सांगत होती. अर्ध्यावर अडकली आणि माझ्याकडे बघू लागली. ती नजर मी ओळखते. वाक्य साफ चुकलं होतं. मी मान हलवली, पुढं बोल. तिनं सगळं सांगितलं आणि साहेबांना कळलंही.

संध्याकाळी ती टेबलाशी आली. “बरोबर होतं का, मॅडम?”

“समजलं सगळ्यांना,” मी म्हणाले आणि पेनचं टोपण काढलं. “आता कागदावर लिहून आण.”