एक बोट वर

पोलादाचा प्लांट उभा राहत होता तेव्हा मी तिथल्या खुर्सीपार वस्तीच्या दवाखान्यात रजिस्टर लिहायचो. तिथले कंपाउंडर पट्टी बांधताना जुन्या रोमच्या आखाड्यात लढणाऱ्या ग्लॅडिएटरांविषयी बोलत, जणू ते पलीकडच्या गल्लीतच राहतात. "हरलेला गडी एक बोट वर करे. म्हणजे, आता सोडा मले. सोडाचं का माराचं, ते आखाड्याचा मालक सांगे."

एकदा गर्डरखाली पाय सापडलेला एक मजूर आला. सुटी पाहिजे का विचारलं, तर मुकादमाकडे पाहून त्याने मान खाली घातली. "बसून करू दे काम," दारातून मुकादम म्हणाला.

कंपाउंडरांनी पाय बांधला. मग मजुराचं एक चांगलं बोट लाकडी पट्टी लावून सरळ वर बांधलं, त्या बोटाकडे पाहिलं आणि चिठ्ठीवर पंधरा दिवस आराम लिहिला.

"पायाले लागलं त्याच्या. बोट कावून बांधलं?" मुकादमाने विचारलं.

"त्याले मागता येत नाही."